घरगाडीचा मागचा कोपरा

आमच्या वाडीच्या तोंडाशी एक दगडी खांब आहे. माझ्या बापाने रोवलेला. गल्लीचा रस्ता डांबरी झाला तेव्हा पालिकेची माणसं म्हणाली, काढा. मी काढला नाही. मुलगा म्हणाला, बाबा, गाडी आत घेताना फार जपावं लागतं, काढून टाकू. मी म्हटलं, ज्याला गाडी वळवता येत नाही त्याने स्टेशनवरून रिक्षाने यावं. मी स्वतः केळ्यांनी भरलेला ट्रक त्या खांबाला लागून उलटा आत घेतलेला आहे, भर चिखलात. खांबाला कधी माझा रंग लागला नाही आणि माझ्या गाडीला कधी त्याचा चुना लागला नाही.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, तेही वर्गाबाहेरच जास्त उभा असायचो. पण आधी वसईची केळी आणि भाजी, मग विरारच्या इमारतींना पाण्याचे टँकर, असं आयुष्यभर स्टिअरिंग धरलं. गाडीचं मागचं टोक कुठवर गेलंय ते मला मान न वळवता कळतं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे सगळ्यांना समजेल असं लिहितो आहे.

आता माझ्या बायकोचं सांगतो. तिचं लिहायला तिने परवानगी दिली, पण "दोन ओळींत उरका" असं म्हणाली. तिला दर थोड्या वेळाने आत, मोरीत जावं लागतं, लागलं की थांबता येत नाही, आणि गुडघे गेल्यामुळे कुठेही बसता येत नाही. म्हणून ती कुठे जात नाही. झाल्या दोन ओळी.

पण त्या दोन ओळींत किती लग्नं राहिली, किती बारशी राहिली, ते मला माहीत आहे. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला ती मागच्या बाकावर बसते, दाराच्या कडेला. पाहुणे म्हणतात, चला आमच्याकडे. ती म्हणते, वाडीत माणसं कामाला लागली आहेत, कशी येऊ? वाडीत माणसं नसतात तेव्हाही हेच म्हणते.

तिची मोठी बहीण सिस्टर आहे, म्हणजे नन. सावंतवाडीच्या बाजूला एका कॉन्व्हेंटात असते. पूर्वी ती सुट्टीला यायची, दोघी ओट्यावर बसून चिंचा सोलायच्या आणि आईच्या आठवणी काढून हसायच्या. आता तिचं वय झालं, डोळे अधू झाले, ती येऊ शकत नाही. तिने व्रत घेतल्याला पन्नास वर्षं झाली त्याची मिस्सा गेल्या हिवाळ्यात ठरली. निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, "फोनवर गाणं म्हणेन तिच्यासाठी." आणि आत जाऊन भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

मग आमची भाची आली.

ही माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीची मुलगी. मुंबईत बँकेत चांगल्या जागेवर होती. ते सोडून तिने एक मोठी प्रवासी गाडी घेतली, पुण्याकडे नेऊन तिच्यात अख्खं घर बांधून घेतलं, आणि लोकांना त्यातून फिरवते. गाडी स्वतः चालवते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, घर सोडून फिरायला जायचं तर घर बरोबर कशाला?

ती म्हणाली, "काका, मावशीला घेऊन जाते मी. बघा तर आधी गाडी."

गाडी गल्लीच्या टोकाला चर्चच्या मैदानात उभी होती. मी आत चढलो. मी ट्रकच्या केबिनमध्ये वर्षानुवर्षं झोपलो आहे. माझ्या डोक्याशी टूलबॉक्स, पायाशी जॅक आणि वर मरियामातेचं चित्र, एवढंच माझं घर. इथे पलंग होता, ओटा होता, बेसिन होतं. प्रत्येक कपाटाला खिट्टी, वळणावर उघडू नये म्हणून. कपबशांना खाचा. एकही वस्तू उगाच नव्हती. जिने हे ठरवलं तिने गाडी चालवता चालवता ठरवलं असणार, खुर्चीत बसून हे सुचत नाही. आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात मोरी. छोटीशी, स्वच्छ, बसायला कमोड, धरायला दांडी, एवढीशी खिडकी.

बायको काठी टेकत मागून आली, मोरीत गेली आणि तिने दार लावलं. बराच वेळ आली नाही. आम्ही दोघं बाहेर उभे. मग नळाचा आवाज आला, दार उघडलं, आणि ती म्हणाली, "येते मी."

घरी येऊन तिने पेटीतलं लाल लुगडं काढलं. आमच्या जुन्या बायका नेसतात तसलं, काठाचं. उन्हात टाकलं, डांबरगोळीचा वास जावा म्हणून. त्या दिवसापासून ती गुणगुणत होती. निघायचं शुक्रवारी, मिस्सा रविवारी.

आता माझा प्रताप.

सामान चढवायला सोमवारीच गाडी वाडीच्या आत, ओट्यापर्यंत आणायची होती, बायकोलाही चालावं लागू नये म्हणून. मी म्हटलं, उलटी आण, मी मागे उभा राहतो. भाची म्हणाली, "काका, मागे कॅमेरा आहे. समोर सगळं दिसतं."

"कॅमेऱ्याला बापाचा खांब माहीत आहे का?"

"नाही, पण दिसेल तरी."

"तो बंद कर. आरशात बघ आणि माझी थाप ऐक."

ज्यांनी ट्रक चालवले त्यांना थाप सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. गाडी उलटी घेताना क्लीनर मागे उभा राहतो आणि हाताने फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या फळीवर थापा मारतो. हलक्या हलक्या थापा, म्हणजे येऊ दे, येऊ दे. एकच जोराची, म्हणजे थांब. इंजिन कितीही ओरडो, हॉर्न वाजोत, थाप ड्रायव्हरच्या पाठीत येते. तोंडाने ओरडलेलं चुकेल, थाप चुकत नाही. मी क्लीनर होतो तेव्हापासून त्यावर जगलो आहे.

पोरीने माझा मान राखला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिने रुमाल टाकला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. गाडी मागे यायला लागली. काय सुरेख आणत होती! घाई नाही, भीती नाही, स्टिअरिंग एकदा धरलं की पुन्हा पुन्हा चाचपणं नाही. मी थापा देत होतो. खांब हातभर राहिला तेव्हा मी एक सणसणीत दिली.

गाडी थांबली नाही.

पुन्हा दिली. मग खांब आत शिरला. सुकी करवंटी पायाखाली फुटावी तसा आवाज झाला, आणि मग ती थांबली.

नंतर कळलं. या गाडीच्या भिंती पत्र्याच्या नाहीत, फळीच्या नाहीत. बाहेर फायबर, मध्ये जाड फोम, आत पुन्हा पातळ फळी. ऊन आणि आवाज आत येऊ नये म्हणून. माझी थाप त्या फोमने गिळली. येऊ दे, येऊ दे यातलंही तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. ती नुसती आरशातल्या माझ्या हाताकडे बघत होती, आणि शेवटी मी आरशातून बाजूला झालो होतो.

मागचा डावा कोपरा खालपासून खिडकीपर्यंत फुटला होता. म्हणजे मोरी. भिंत आत आली होती, दार अडकलं होतं, खिडकीची काच खाली सांडली होती. मी आधी खांबाकडे पाहिलं. खांबावर ओरखडासुद्धा नव्हता, आणि क्षणभर मला बरं वाटलं. असा मी माणूस.

भाची उतरली. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "काका, हाताला लागलं नाही ना?"

बायको ओट्यावर उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. आत गेली. थोड्या वेळाने मी गेलो तर लाल लुगडं पेटीत घडी घालून ठेवत होती, मध्ये डांबरगोळ्या टाकून.

"अगं, दुरुस्त करून आणतो ना."

"आणा," ती म्हणाली. "माझी काही घाई नाही. फोनवर गाणार आहे मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी घेऊन वालीवला गेलो. तिथे गाड्यांचे डेंट काढणाऱ्यांची रांगच आहे, मी सगळ्यांना ओळखतो, निम्म्यांनी माझे ट्रक ठोकले आहेत. म्हणजे सरळ केले आहेत. एकाने पाहिलं, दुसऱ्याने पाहिलं. पत्रा असता तर आज ठोकून देतो, म्हणाले. फायबर आहे, जिथे बांधली तिथून अख्खा कोपरा मागवा, महिना जाईल. तिसरा माझ्या जुन्या ओळखीचा, तो तर हसायलाच लागला.

"अहो, ही गाडी नाही, होडी आहे. बंदरावर न्या, कोळ्याला दाखवा!"

त्याची पोरंही हसली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "चल गं, बंदरावर."

"काका, तो चेष्टा करतोय."

"करू दे. फायबर म्हणतोय ना? होड्यांना काय लावतात?"

तिने फुटलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. मग गाडी सुरू केली.

वसईच्या किल्ल्यापलीकडच्या कोळीवाड्यात शिरायचा रस्ता म्हणजे वाळत घातलेल्या बोंबलांमधली वाट. वर माळा, खाली टोपल्या, मध्ये मोटारसायकली. त्या रस्त्याने तिने ती घरगाडी नेली आणि एक बोंबील पाडला नाही. मी शेजारी बसून हाताच्या मुठी आवळून होतो, पण बोललो नाही. चांगल्या ड्रायव्हरशी बोलू नये.

बंदरावर होड्या वर ओढलेल्या होत्या. हल्ली लाकडी होडीलाही बाहेरून फायबरचा थर देतात. ते काम करणारा मिस्त्री तिथे एका होडीच्या पोटाखाली आडवा पडला होता. धिप्पाड माणूस, आवाज असा की समुद्र बाजूला व्हावा.

"काय गो, ह्या होडीला चाकं कोनी लावली?"

"मला फोडलेलं दुरुस्त करून हवंय," भाची म्हणाली.

"फोडली कोनी? तू?"

"मी," मी म्हटलं.

तो बाहेर आला, मला नीट निरखलं. "तुमी तं वाडीवाले ट्रकवाले न? खांबाला घासून उलटे ट्रक नेयाचे ते? मं खांब पडला का?"

"खांब आहे तसा आहे."

"मं झ्याक! खांब वाचला, गाडी गेली तं गेली!" आणि सगळं बंदर ऐकेल असा हसला. सुकट निवडणाऱ्या बायका उठून आल्या. एकीने आत डोकं घातलं आणि ओरडली, "अगो बाय, ह्यात मोरी पन हाय!" मग सगळ्यांनी डोकी घातली.

मिस्त्रीने बोटांच्या सांध्यांनी भिंत वाजवायला सुरुवात केली. टक टक. कान लावून. "हितं मेलंय. हितं मेलंय. हितं जित्तं हाय." खडूने रेघ मारत गेला. फुटलेला भाग होता सुपाएवढा, त्याची रेघ झाली केळीच्या पानाएवढी. मग कटर घेतला.

मी ओरडलो, "अरे, चांगली भिंत कशाला कापतोस?"

"बाबा, किडका दात अर्धा काडतान काय?"

"शुक्रवारी निघायचंय."

"मं शुक्रवारी निंगा. मी आडवलंय?" आणि कापली. "ह्या बंदरावर माज्या हातची एक पन होडी गळत नाय. इचारा कोनाला पन. मेलेली मान्सं पन सांगतीन."

मला असा माणूस आवडतो. ज्याला काम येतं त्याने सांगावं की येतं. मी आयुष्यभर सांगत आलो.

कापलेल्या भोकाच्या कडा त्याने घासून उतरत्या केल्या, थाळीच्या काठासारख्या, नवा थर जुन्यावर चढून बसावा म्हणून. चिरडून चुरा झालेला फोम काढून टाकला. तसा फोम त्याच्याकडे नव्हता. त्याने होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला लावतात तशी सागाची फळी कापली आणि म्हणाला, "हितं आता लाकूड जाईन. हा कोपरा होडीचा." फळी थेट गाडीच्या लोखंडी सांगाड्याला आवळली. मग बाहेरून काचेच्या धाग्यांची चटई, तिच्यावर ब्रशने रेझिन, पुन्हा चटई. प्रत्येक थरातली हवा तो रोलरने अशी काढायचा की जणू बाळाची पाठ चोळतो आहे. त्या दांडग्या हाताचं ते हलकेपण मी बघत राहिलो.

आतल्या बाजूची पातळ फळी घट्ट होईपर्यंत कोणीतरी दाबून धरायला हवी होती. "बाबा, रिकामे हाव न? मंग आत जावा. हलायचं नाय."

असा मी त्या मोरीत उभा राहिलो, दोन्ही तळहात भिंतीला लावून, कमोडला गुडघे टेकून. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून इकडेतिकडे बघत होतो. कमोडजवळची दांडी अगदी डोळ्यांसमोर. तिच्या वर, वीतभर अंतरावर, दोन भोकं बुजवलेली दिसली. पांढऱ्या पुट्टीने नीट भरून, घासून. म्हणजे दांडी आधी वर होती. सगळ्यांच्या मापाने. कोणीतरी ती काढून खाली बसवली होती. मी बघितलं, आणि मला माझ्या बायकोचा हात आठवला. तिचा उजवा खांदा वर जात नाही. उघड्या दारातून गाडीत चढायच्या पायरीकडे पाहिलं, तिथेही एक जास्तीची पायरी जोडलेली, नवीन स्क्रू चमकत होते.

पोरीने हे करून आणलं होतं, आणि एका शब्दाने बोलली नव्हती. आम्ही हो म्हणायच्या आधी केलं होतं. आणि मी तिचा कॅमेरा रुमालाने झाकायला लावला होता.

"बाबा, हललाव!" बाहेरून आवाज आला.

"हललो नाही!" मी म्हटलं. हललो होतो थोडा.

काम एका दिवसात झालं नाही, पण गुरुवारी झालं. रंग लावला तो होड्यांचा पांढरा, किंचित निळसर. गाडीचा पांढरा वेगळा. कोपरा लांबूनही कळत होता. मला ते खटकलं. मी म्हटलं, जुळवून लाव. मिस्त्री म्हणाला, "जुळवाया मला काय लाज वाटतेय? माजं काम हाय, दिसू दे." भाची म्हणाली, "राहू दे काका, मला आवडलं."

मग त्याने होडी पाण्यात घालून बघतात तशी ही उलटी परीक्षा घेतली. बादल्यांवर बादल्या कोपऱ्यावर ओतल्या, आणि मला आत बोट फिरवायला लावलं. बोट कोरडं. पैशांचं बोलणं भाचीने केलं, मी त्यात पडलो नाही. मला त्याने वेगळं मागितलं, "सुकेळी धाडा वाडीची. आनि चांगली धाडा, बाजारवाली नको." वाडीतली वाळवलेली केळी निवडून धाडली.

मी खूश होतो. बाहेर येऊन मी त्या कोपऱ्यावर, सवयीने, एक थाप मारली. शाबास म्हणायला मारतात तशी.

ठाण्ण!

पुढच्या खिडकीतून भाचीचं डोकं बाहेर आलं. "काय झालं काका? थांबू?"

इंजिन सुरू होतं. तरी तिला ऐकू गेलं. लाकूड, सांगाडा, आणि सीट, थाप सरळ तिच्या पाठीत गेली होती. मिस्त्री माझ्याकडे बघून हसला, जणू हे त्याने ठरवूनच केलं. ठरवून केलं नव्हतं, पण मी त्याला तसं समजू दिलं.

घरी आल्यावर मी बायकोला काही म्हटलं नाही. गाडी गल्लीतच उभी केली होती. ती स्वतःच चालत आली, काठी टेकत, त्या निळसर कोपऱ्यावरून हात फिरवला, आत गेली, दार लावलं. मी आणि भाची पुन्हा तसेच बाहेर. नळ वाजला. ती आली.

"भिंत गुळगुळीत आहे," म्हणाली.

संध्याकाळी लुगडं उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात ओट्यावर पसरलेलं होतं.

शुक्रवारी निघताना गाडी भाचीने एकटीने गल्लीबाहेर काढली. खांब मी काढला नाही. मुलाने विचारलं तेव्हा म्हटलं, चुना लाव त्याला, लांबून दिसू दे.

वाटेत बायको किती वेळा मोरीत गेली हे मी मोजलं नाही. एवढं सांगतो, एकदाही कोणाला गाडी थांबवायला सांगावी लागली नाही. महाडच्या पुढे तिने खिडकीतून बाहेर बघत गाणं म्हणायला सुरुवात केली, सिस्टरसाठी म्हणणार होती ते. मी म्हटलं, आता फोनवर म्हणायचं कारण नाही. ती म्हणाली, "गप बसा, चुकेन."

कॉन्व्हेंटचं फाटक अरुंद होतं. आत अंगण, तिथे सिस्टरांची रांग उभी. भाचीने गाडी वळवली, उलटी लावली आणि थांबली.

"काका, उतरा. मागे उभे राहा."

"कॅमेरा आहे ना."

"आहे. सुरूच आहे. तरी उतरा."

मी उतरलो. फाटकाचे खांब आमच्यापेक्षा जाड होते. त्या निळसर कोपऱ्याशी उभा राहिलो आणि हलक्या थापा द्यायला लागलो, येऊ दे, येऊ दे. ती आली. काय सुरेख आली! कॉन्व्हेंटच्या पायऱ्यांपासून दोन हातांवर मी एक जोराची दिली, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

दार उघडलं. बायको जास्तीच्या पायरीवरून सावकाश उतरली. लुगड्याला चुणी नव्हती. कुठे बघायला नको, कोणाला विचारायला नको, धावायला नको. तिची बहीण एका तरुण सिस्टरच्या खांद्याला धरून पुढे आली, हाताने चाचपून तिचा चेहरा धरला आणि कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एवढ्या लांबून आलीस. चल, आधी तुला आत नेते, लागलं असेल."

"नाही गं," माझी बायको म्हणाली. "आपण इथेच उभं राहू. मी जाऊन आले."